बंद पाडायला तरी एक मालिका काढा

मु. पो. कान्हे, ता. मावळ, जि. पुणे
१९ जुलै २०२५

मराठी वाहिन्यांचे आणि ओटीटी मंचांचे सर्व कार्यक्रमप्रमुख यांस,



पत्रास कारण की, माझ्या भाच्याची मालिका बंद पडली. माणसं अंतराळात वस्ती करून राहतात, अशा कथेची ती इंग्रजी मालिका. टाकव्याच्या कारखान्यात पाळीवर जाता-येता तो मोबाइलवर तिचे भाग पाहायचा. त्याची परीक्षा झाली, नोकरी लागली, लग्न ठरलं. मालिका चालूच होती. ताज्या हंगामाच्या शेवटी नायिका एक बंद दार उघडते आणि पडदा काळा होतो. दारापलीकडे काय होतं ते आता कोणालाच कळायचं नाही, कारण पुढचा हंगाम कंपनीने रद्द केला. मालिकेचं नाव सांगत नाही. तुमचा तिच्याशी संबंध नाही, आणि नाव घेतलं की चर्चा त्या एकीचीच होते.

भाच्याने जगभरच्या चाहत्यांसोबत निषेधाच्या अर्जावर सही केली. रात्री जेवताना मला म्हणाला, "मामा, मराठीत कधी विज्ञानकथेची मालिका अशी मधेच बंद पाडली होती का?" मी बराच वेळ आठवत राहिलो. भुतांच्या मालिका आठवल्या, पोलिसांच्या आठवल्या, देवांच्या आणि संतांच्या आठवल्या. सासवांच्या तर न आठवताच आठवल्या. विज्ञानकथेची, चार-पाच वर्षं चाललेली, जिच्यासाठी लोकांनी भांडावं अशी एकही डोळ्यांपुढे येईना. बंद पाडायला आधी सुरू करावी लागते, आणि ती तसदी तुम्ही घेतलेली नाही. भाच्याला निदान सही करायला अर्ज तरी मिळाला. मी कशावर सही करू?

तर या पत्रात मागणी अशी की, आम्हाला एक मालिका द्या. पुढे हवी तर बंद पाडा, आम्ही रीतसर निषेध करू. पण आधी द्या. आणि बंद पाडायची झाली तर ती कशी पाडावी, याबद्दलही मला दोन शब्द बोलायचे आहेत, कारण त्या बाबतीतही तुमचा हात फार हलका नाही.

चाहते म्हणजे रिकामटेकडी पोरं, असा समज तुमच्याकडे असेल तर अमेरिकेतली एक जुनी हकीकत ऐका. एनबीसी वाहिनी 'स्टार ट्रेक' दुसऱ्या वर्षानंतर गुंडाळणार, अशी कुणकुण १९६७ च्या अखेरीस लागली. बिजो ट्रिंबल नावाच्या बाईंनी आणि त्यांचे पती जॉन यांनी ओळखीच्या-अनोळखी माणसांना पत्रं लिहून वाहिनीला पत्रं पाठवायला लावली. इतकी पत्रं आली की मार्च १९६८ मध्ये वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावं लागलं, मालिका चालू राहील, कृपया आता पत्रं थांबवा. मग वाहिनीने तिसऱ्या वर्षी काय केलं? मालिकेचा खर्च कापला आणि तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. ज्या वयाची मुलं ती बघायची, ती शुक्रवारी रात्री दहाला घरात असतील तर शपथ. १९६९ मध्ये मालिका बंद झाली, एकूण ७९ भाग. कागदोपत्री वाहिनीचंच खरं ठरलं. पण चाहत्यांनी भांडून मिळवलेल्या त्या तिसऱ्या वर्षामुळेच गावोगावच्या लहान केंद्रांना रोज पुन्हा दाखवता येतील इतके भाग जमले होते. पुनःप्रक्षेपणात ती मालिका जी वाढली ती आजतागायत संपलेली नाही. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे चाहत्यांची पत्रं गेली आणि नासाच्या पहिल्या शटलला मालिकेतल्या यानाचं नाव मिळालं, 'एंटरप्राइज'. ते शटल चाचणीपुरतंच होतं, अंतराळात कधी गेलं नाही, हा भाग वेगळा. आपल्या दूरदर्शननेही ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी ही मालिका दाखवली. मालिकेतल्या स्पॉकचे टोकदार कान बघायला आमच्या आळीतल्या ज्या एका घरात टीव्ही होता, तिथे ओटीपर्यंत माणसं बसायची. भाषा निम्म्यांना कळत नव्हती. उठून मात्र कोणी जात नव्हतं.

दुसरी हकीकत बीबीसीच्या 'डॉक्टर हू'ची. ती मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात तुमच्यासाठी धडा आहे आणि आमच्यासाठीही. २३ नोव्हेंबर १९६३ ला ती सुरू झाली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्माने लखनौचा, वय पंचविशीच्या आसपास. १९८५ मध्ये बीबीसीने मालिका दीड वर्षासाठी थांबवली, तेव्हा चाहत्यांनी निषेधाचं एक गाणंसुद्धा काढलं. गाणं फारच वाईट होतं, असं चाहतेही मान्य करतात. १९८९ च्या डिसेंबरात सव्विसावा हंगाम संपला आणि सत्ताविसावा आलाच नाही. बंद केली असं बीबीसीने उघडपणे कधी म्हटलं नाही, नुसतं गप्प राहिले. मधल्या काळात चाहत्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, ध्वनिनाट्यं काढली, आणि २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस या लहानपणापासूनच्या चाहत्यानेच ती पुन्हा उभी केली. २०२५ च्या मेअखेरीस तिचा एक हंगाम संपला, तेव्हा पुढचा कधी, हे कोणी सांगत नव्हतं. म्हणजे चाहते पुन्हा एकदा वाट पाहत बसले.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. साठच्या दशकात चित्रफीत महाग होती, म्हणून बीबीसीने जुने भाग पुसून त्याच फितींवर नवे कार्यक्रम घेतले. पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी ९७ भाग २०२५ पर्यंत बीबीसीकडे नव्हते. आवाज मात्र सगळ्या ९७ भागांचा शिल्लक आहे. तो कोणी जपला? टीव्हीसमोर टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन धरून बसलेल्या शाळकरी पोरांनी. आईने मधे हाक मारू नये म्हणून तिला आधी ताकीद देऊन बसलेली पोरं असणार ती. ज्या संस्थेने मालिका बनवली तिला तिची किंमत नव्हती, आणि जे फुकट बघत होते त्यांना होती.

यावर तुम्ही म्हणाल, ही परदेशातली रडगाणी आम्हाला कशाला? मग घरचं बघा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका त्या काळी घराघरांत पाहिली गेली, दिलीप प्रभावळकर त्यातूनच महाराष्ट्राला माहीत झाले. आज तिचे मोजकेच भाग पाहायला मिळतात. आणि आता तर फितही लागत नाही. एका कंपनीच्या मंचावर मी एक लघुमालिका निम्मी पाहिली, पुढच्या महिन्यात उघडली तर ती जागेवर नाही. ग्राहक सेवेला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सर, सध्या हा कंटेंट अव्हेलेबल नाही." केव्हा होईल, का गेला, कोणाकडे आहे, काही नाही. वर्गणीचे पैसे मात्र वेळच्या वेळी कापले जातात.

बाकीच्या हकीकती भराभर सांगतो. 'स्टारगेट'च्या दोनशेव्या भागाचा सोहळा झाला आणि त्याच आठवड्यात, ऑगस्ट २००६ मध्ये, मालिका बंद होत असल्याची बातमी आली. निदान पुढे चित्रपट काढून कथा पुरी केली. 'द एक्स्पान्स' तिसऱ्या हंगामानंतर, मे २०१८ मध्ये, तिच्या वाहिनीने सोडली. चाहत्यांनी वर्गणी काढून अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून मागणीचा फलक लावलेलं विमान फिरवलं आणि तीन हंगाम आणखी मिळवले. त्या मालिकेत साऱ्या पृथ्वीचं राजकारण हाकणारी बाई नऊवारी नव्हे तरी साडीच नेसते आणि तिचं नाव क्रिसजेन अवसरला आहे, हे तुम्हाला जाता जाता सांगून ठेवतो. साडीतली बाई अंतराळात चालते. त्यांना सुचलं.

आमच्या मावळात तर विज्ञानकथेची एक मालिका कागदावरच बंद पडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मोठा गाजावाजा होऊन पुणे-मुंबई हायपरलूपची घोषणा झाली. निर्वात नळीतून अर्ध्या तासाच्या आत मुंबई. पहिला चाचणी मार्ग आमच्याच तालुक्यात, गहुंजे ते ओझर्डे. पारावर जमिनीच्या भावांचे हिशेब मांडून झाले. २०२३ च्या अखेरीस ते बांधायला निघालेली अमेरिकी कंपनीच बंद झाली. आम्ही आपले कान्हे फाटकात गाडी उभी करून लोकल जायची वाट बघतो आहोत. कोणी निषेधाचा अर्ज काढला नाही. आम्हाला क्रमशः वाचायची सवय आहे, समाप्तची नाही.

आता तुमच्या सबबींकडे वळतो. तुमच्यापैकी एक-दोघांची भाषणं मी ऐकली आहेत, मुलाखती वाचल्या आहेत. म्हणणं साधारण असं असतं की मराठी प्रेक्षकाला विज्ञान झेपत नाही, शिवाय खर्च परवडत नाही.

झेपत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मराठीतली विज्ञानकथा सुरूच मुळी मालिकेसारखी झाली. ज्यूल व्हर्नच्या चंद्रावरच्या सफरीचं भाषांतर कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर क्रमशः छापलं जात होतं. मासिक सुरू झालेलं कोचीनला, वाचक महाराष्ट्रात, आणि गोष्ट चंद्राची. विजेचा दिवा बहुतेकांनी पाहिलेला नसताना ती माणसं पुढच्या अंकाची वाट बघत होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांना इतका घरचा करून दिला की तो फ्रेंच होता हे पुष्कळांना मोठेपणी कळलं. नारायण धारपांना तुम्ही भयकथांसाठी ओळखता, पण त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, अरुण साधू ही नावं मी पाठ करून सांगत नाही, ती आमच्या गावाकडच्या वाचनालयांत झिजलेल्या पुठ्ठ्यांवर वाचता येतात. मराठी विज्ञान परिषद पन्नास वर्षांहून अधिक काळ विज्ञानकथांची स्पर्धा घेते आहे. लिहिणारे आहेत, वाचणारे आहेत. दाखवणारे तेवढे नाहीत.

आज १९ जुलै, जयंत नारळीकरांचा जन्मदिवस. त्यांना जाऊन दोनच महिने झाले. २० मे नंतरच्या त्या आठवड्यात तुमच्यातल्या बहुतेकांनी त्यांचे जुने फोटो लावून श्रद्धांजली वाहिली. ते योग्यच झालं. पण एवढ्या वर्षांत त्यांच्या किती कथा तुम्ही पडद्यावर आणल्यात, हे एकदा आपापल्या दप्तरात बघा. बाल चित्र समितीने त्यांच्या 'धूमकेतू'वर चित्रपट काढला होता. त्यानंतर तुमची पाळी होती.

या माणसाने पहिली कथा कशी लिहिली ठाऊक आहे? अहमदाबादला एका परिसंवादात व्याख्यान कंटाळवाणं चाललं होतं, म्हणून टिपणांसाठी दिलेल्या कागदांवर त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. 'कृष्णविवर'. १९७४ च्या परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवली ती ना. वि. जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून नक्कल करून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. खगोलशास्त्रज्ञाला जी भीती वाटली नाही, लोकसाहित्याच्या अभ्यासक बाईंना जी वाटली नाही, ती नेमकी तुम्हाला का वाटते?

खर्चाचं म्हणाल तर नारळीकरांचीच एक कथा घ्या, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. अकरावीच्या केंद्रीय इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती 'द ॲडव्हेंचर' म्हणून आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना अपघात होतो आणि ते अशा जगात जातात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही, आणि मराठे जिंकले. पंत पुण्याहून मुंबईला निघतात. गाडीचं नाव जिजामाता एक्स्प्रेस, डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान. पुण्याबाहेर कारखान्यांची वस्तीच नाही, म्हणजे पिंपरी-चिंचवड गायब. लोणावळा चाळीस मिनिटांत. म्हणजे ती गाडी आमच्या कान्हे स्टेशनातून न थांबता सुसाट गेली असणार. त्या जगातही आम्हाला थांबा नाहीच. पुढचा घाट मात्र पंतांना ओळखीचाच दिसतो. इंग्रजांचं राज्य देशावर नसताना तो घाट फोडला कोणी, हा प्रश्न मला कित्येक वर्षं सतावतो आहे. शुभदा गोगट्यांनी तो घाट प्रत्यक्षात कसा फोडला गेला यावर 'खंडाळ्याच्या घाटासाठी' ही कादंबरी लिहिली. मला वाटतं, या दोन लेखकांच्या मधल्या फटीतच तुमच्यासाठी दहा भागांची मालिका पडून आहे. त्यात यान लागत नाही, परग्रहवासी लागत नाहीत. रेल्वेचा एक डबा, एक ग्रंथालय, एक मैदान. आणि त्या मैदानावरचा प्रसंग तर प्रत्येक मराठी माणसाने पाहायलाच हवा. आयुष्यभर सभांचं अध्यक्षपद भूषवलेले पंत तिथे व्यासपीठावरची रिकामी खुर्ची बघून सवयीने जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात. कारण त्या जगात लोकांनी अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन यांना कधीच रजा दिलेली असते. आपल्याकडे हा भाग दाखवला तर टीआरपीची काळजी करायला नको.

स्वस्तात करायचं म्हणून कल्पना सुचतात, हा या क्षेत्राचा इतिहासच आहे. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं झगमगून अदृश्य होतात आणि ग्रहावर उमटतात, ते का? दर आठवड्याला यान उतरताना दाखवणं परवडत नव्हतं म्हणून. 'डॉक्टर हू'चं कालयान बाहेरून पोलिसांची निळी चौकी दिसतं, कारण दर वेळी नवा देखावा उभारायला पैसे नव्हते. त्यातल्या डालेक नावाच्या क्रूर यंत्रांचा हात म्हणजे मोरी तुंबल्यावर आपण वापरतो तो रबरी पंप. ब्रिटनमधली एक पिढी त्या पंपाला घाबरून सोफ्यामागे लपली. तुमच्याकडे यापेक्षा जास्त सामान आहे.

आणि अद्भुताला मराठी प्रेक्षक बिचकतो म्हणाल, तर 'रात्रीस खेळ चाले'चे तीन हंगाम झाले ते काय तर्कशुद्ध होते? 'देवमाणूस' २०२५ मध्ये तिसऱ्यांदा आला. भूत चालतं, खुनी डॉक्टर चालतो, नागीण तर विचारूच नका. यंत्रमानव आला की म्हणे प्रेक्षक गोंधळतो. नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मधला यंत्रमानव आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव घडवायला बघतो, ती भीती आज रोजच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आहे. मी निवृत्त झालो त्या कंपनीत मागच्या वर्षी वेल्डिंगला रोबोट आले. जेवणाच्या सुट्टीत पोरं दुसरं काही बोलत नाहीत. त्या बोलण्यावर कोणी मालिका लिहिली तर ती कौटुंबिकच होईल, कारण रोबोट आल्यावर घरातल्या कोणाचा पगार जातो हा पहिला प्रश्न असतो.

मावळात तर विषय उघड्यावर पडलेत. आंदर मावळातलं ठोकरवाडीचं पाणी शंभर वर्षांपूर्वी डोंगरातून पलीकडे भिवपुरीला सोडलं, त्यावर वीज झाली, त्या विजेवर मुंबई चालली. खोऱ्यातली गावं मात्र पुढे कित्येक वर्षं कंदिलात बसली. हे पाणी २१०० साली कोणाचं असेल? भाजे आणि कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरली; पुढची दोन हजार वर्षं टिकेल असं आपण काय कोरतो आहोत? इंद्रायणी तांदूळ वाढत्या उष्णतेत तगेल का? ही कथाबीजं फुकट घ्या. मानधन नको. श्रेयनामावलीत "आभार: कान्हे" एवढं टाका.

आता बंद पाडण्याबद्दल. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. मी त्या मालिकेची टिंगल करणार नाही, आमच्या मातोश्री तिच्यावर जगल्या. पण घरगुती मालिका कुठेही थांबवता येते. आठ दिवसांत खलनायिकेला पश्चात्ताप झाला, एक बारसं झालं, सगळे एकत्र उभे राहून हसले, की संपली. विज्ञानकथेचं तसं नसतं. तिच्यात पहिल्या भागात एक कोडं घातलेलं असतं आणि त्या जगाचे नियम ठरवलेले असतात. उत्तर न देता ती थांबवणं म्हणजे पंगत बसवून भाताआधीच पानं उचलणं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारी लेखकाला सांगितलं जातं की पुढच्या पंधरवड्यात आवरा. लेखक बिचारा मग सगळं स्वप्न होतं असं दाखवून मोकळा होतो. त्यात दोष लेखकाचा नाही.

तेव्हा विनंती अशी की, मालिका सुरू करण्याआधी शेवट लिहून घ्या. दहा भाग ठरले तर दहा, वीस तर वीस. लोकप्रिय झाली म्हणून ताणू नका, नाही झाली म्हणून मधे कापू नका. दहा भाग तोट्यात गेले तरी एका सिनेकलाकाराच्या पुरस्कार सोहळ्यातल्या नाचापेक्षा स्वस्त पडतील, असा माझा आपला अडाणी अंदाज. बंद करायचीच तर तसं सरळ सांगा. 'दिल दोस्ती दुनियादारी' २०१६ मध्ये संपली तेव्हा पोरं हळहळली, पण निरोप नीट झाला होता म्हणून वर्षभराने तीच मंडळी नव्या मालिकेत आली तेव्हा पोरंही परत आली. गप्प बसून मालिका वेळापत्रकातून नाहीशी करू नका. आणि दाखवलेलं पुसू नका. साठवायला आता फार जागा लागत नाही. मंचावर ठेवणं परवडत नसेल तर एक प्रत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला द्या. ते पुण्यातच आहे. लोकलने शिवाजीनगरला उतरायचं, पुढे रिक्षा.

लेखकांबद्दलही सांगतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला बोलावून त्याची कल्पना ऐकायची, चहा पाजायचा आणि सहा महिन्यांनी तीच कल्पना भुताच्या मालिकेत घालायची, असे प्रकार होतात असं कानावर आहे. कोणाचं नाव घेत नाही. ज्याची कथा त्याचं नाव पडद्यावर, आणि पैसे वेळेवर, एवढं झालं तरी पुष्कळ. परिषदेच्या स्पर्धेत दर वर्षी बक्षीस मिळवणाऱ्यांपैकी निम्मे शिक्षक आणि इंजिनियर असावेत. ते तुमच्या दारात येणार नाहीत. तुम्हालाच जावं लागेल.

शेवटी आम्हा प्रेक्षकांचंही एक वचन लिहून देतो, म्हणजे पत्र एकतर्फी वाटायला नको. मालिका काढलीत तर पहिले तीन भाग कसेही असले तरी आम्ही पाहू. यानाची भिंत हलताना दिसली तरी हसणार नाही, निदान मोठ्याने नाही. विज्ञान चुकलं तर आमच्यातली मास्तर मंडळी कळवतील, त्यांना थांबवणं माझ्या हातात नाही. चोरून डाउनलोड करणार नाही. आणि बंद पाडलीत तर सही करायला भाचा तयारच आहे, त्याला आता सवय झाली आहे.



आपला,
एक निवृत्त सुपरवायझर आणि नियमित प्रेक्षक
कान्हे

ता. क. मालिका काढायचं ठरलंच तर तिला रात्री अकराची वेळ देऊ नका. दुसऱ्या पाळीची माणसं तेव्हा घरी पोहोचून जेवायला बसलेली असतात, पहिल्या पाळीची झोपलेली असतात, आणि मुलांची सकाळची शाळा असते. रविवारी सकाळी दहा वाजता इकडे सगळे घरी असतात.